जुन्या मालट्रकचे इंजिन विलंबाने सुरू होणे : कारणमीमांसा व निदानपद्धती

प्रस्तावना :

रस्त्यावरून होणाऱ्या मालवाहतुकीत एक किंवा दोन ट्रक बाळगणाऱ्या लहान मालकांचे स्थान महत्त्वाचे आहे. अशा मालकाजवळील वाहन बहुधा जुने, पूर्वी दुसऱ्याने वापरलेले आणि अनेकदा दुरुस्त झालेले असते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथून संध्याकाळी टोमॅटो भरून निघालेला ट्रक वाशीच्या घाऊक बाजारात पहाटेच्या आत पोहोचला नाही, तर मालाचा भाव पडतो आणि भाड्यावरून वाद होतो. म्हणूनच ज्या चालकाची गाडी वेळेवर सुरू होत नाही, तो ती सपाट जागी उभी करीत नाही, उतार शोधतो. ट्रक-तळावर उताराची जागा अडवून बसलेली गाडी दिसली की तिच्या दुखण्याचे अर्धे वर्णन तेथेच मिळते.

'गाडी उशिरा सुरू होते' ही तक्रार वरकरणी साधी आहे. तथापि तिच्यामागे विद्युत, इंधन आणि यांत्रिक अशा तीन स्वतंत्र व्यवस्थांपैकी कोणतीही एक अथवा एकाहून अधिक असू शकतात. निदान न करता सुटे भाग बदलत जाण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिचा भुर्दंड मालकावर पडतो आणि मूळ दोष पुष्कळदा तसाच राहतो. प्रस्तुत लेखात या तक्रारीची शास्त्रीय बैठक व निदानाचा तर्क यांचे विवेचन केले आहे.

येथे 'जुना ट्रक' या संज्ञेने यांत्रिक इंधनपंप असलेले डिझेल वाहन अभिप्रेत आहे. १९५४ साली टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने जर्मनीतील डाइम्लर-बेंझ या कंपनीशी सहकार्य-करार करून भारतात ट्रकनिर्मिती सुरू केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. बंगळूर येथे १९५१ साली स्थापन झालेल्या 'मायको' कंपनीमुळे इंधनपंप व नोझल देशातच तयार होऊ लागले. या परंपरेतील पंप पूर्णपणे यांत्रिक होता. पुढे २०१० साली देशभर भारत स्टेज ३, २०१७ साली भारत स्टेज ४ आणि २०२० साली भारत स्टेज ६ ही उत्सर्जन-मानके लागू होत गेली, तसतसे इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. नव्या वाहनातील दोष-संकेत यंत्राला वाचता येतात. जुन्या वाहनाजवळ सांगण्यासाठी आवाज, धूर, वास आणि उष्णता एवढेच असते.

इंजिन पेटते कसे?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचे तत्त्व असे की, सिलिंडरमधील हवा इतकी दाबावी की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. हवेचे आकारमान सतराव्या हिश्शापर्यंत दाबले जाते असे धरू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल आणि उष्णता फारशी वाया जात नसेल, तर दाबलेल्या हवेचे तापमान गणिताने सुमारे ५४० अंश येते. मात्र हवा दट्ट्याच्या कडेने निसटली व सिलिंडरच्या थंड भिंतींनी उष्णता शोषली, तर तेच तापमान ३४० अंशांच्या आसपास घसरू शकते. निफाडच्या हिवाळ्यात पारा ५ अंशांवर आला असता, त्याच ऱ्हासासह ते ३०० अंशांच्याही खाली जाते. डिझेलचे प्रयोगशाळेत मोजलेले स्वयंज्वलन-तापमान साधारणतः २१० ते २५० अंश असले, तरी तेथे इंधनाला पेटण्यास सवड असते. सिलिंडरमध्ये त्याला सेकंदाचे काही शतांशच मिळतात. म्हणून तेथे बरेच अधिक तापमान लागते.

या गणितात इंजिन फिरण्याच्या वेगाला विशेष महत्त्व आहे. सेल्फ-मोटारीने इंजिन मिनिटाला २०० फेरे या गतीने फिरविले, तर दट्ट्याला खालून वर येण्यास ०.१५ सेकंद लागतो. १०० फेरे असतील तर ०.३० सेकंद. फट तीच, परंतु हवेला निसटण्यास दुप्पट वेळ मिळतो आणि भिंतींना उष्णता शोषण्यासही. त्यामुळे रिंगा थोड्या झिजलेल्या इंजिनाला चांगली बॅटरी सांभाळून घेते, आणि बॅटरी उतरली की तेच इंजिन रुसते. उतारावरून सोडलेली गाडी चटकन सुरू होते, कारण तेथे इंजिन सेल्फच्या कितीतरी पट वेगाने फिरते. मात्र उताराने गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरीचाच दोष, असे अनुमान काढणे चूक आहे. वाढलेला वेग कमकुवत संपीडन आणि मंद इंधनपुरवठा हे दोषही झाकतो.

तक्रारीचे दोन अर्थ :

निदानातील पहिला प्रश्न म्हणूनच असा की, इंजिन हळू फिरते, की व्यवस्थित फिरूनही पेटत नाही? चालकाच्या तोंडी दोहोंसाठी 'स्टार्टिंगला त्रास आहे' हेच शब्द असतात. 'घर्र… घर्र…' असा जड, तुटक आवाज हे पहिल्याचे लक्षण. एकसुरी, हलका आवाज बराच वेळ येत राहणे हे दुसऱ्याचे. पहिल्या स्थितीत शोध बॅटरी, तारा, सेल्फ व इंजिनाचा जडपणा यांच्यापुरता मर्यादित होतो. दुसऱ्या स्थितीत इंधन व संपीडन यांकडे वळावे लागते. हा प्रश्न न विचारताच पंप उतरविला जातो, तेव्हा खर्चाला आरंभ झालेला असतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. त्रास फक्त सकाळी होतो, की दिवसभर धावून आलेली गरम गाडी चहापुरती थांबवल्यावरही होतो? झिजलेले इंजिन थंडीत अडते. गरम झाल्यावर त्याचा त्रास कमी होतो. याउलट पंपातील प्लंजर झिजले असतील, तर थंड असताना घट्ट असलेले डिझेल झीज भरून काढते, पण गरम होऊन पातळ झालेले डिझेल प्लंजरच्या कडेने मागे सरकते आणि सेल्फच्या मंद गतीला नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. 'थंड गाडी लगेच, गरम गाडी उशिरा' असे चालक सांगतो, तेव्हा पुष्कळ मिस्त्री त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. वस्तुतः इतका नेमका संकेत दुसऱ्या कोणत्या लक्षणातून क्वचितच मिळतो.

विद्युत शाखा :

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीने लावून २४ व्होल्ट मिळविले जातात. पूर्ण भरलेली, काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. एवढ्यावरून ती निरोगी ठरत नाही. भार पडल्यावर ती काय करते हे पाहावे लागते. सेल्फ मारत असताना प्रत्येक बॅटरीचा दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. येथे दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक आहे, कारण एकसर जोडणीत एक दुबळी बॅटरी दोघींनाही लंगडे करते. हायड्रोमीटरने घटांतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहिल्यास एखाद्याच घटाचे वाचन इतरांहून ०.०५० ने खाली आढळते. तो घट निकामी होत चाललेला असतो.

ट्रकांत एक दोष हौसेतून निर्माण होतो. केबिनमधील टेप, पंखा व रंगीत दिवे १२ व्होल्टचे असतात. त्यांच्यासाठी दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार काढली जाते. आल्टर्नेटर मात्र दोन्ही बॅटऱ्यांना मिळून, साधारण २८ व्होल्टने, एकच प्रवाह पुरवितो. परिणामी जिच्यावरून तार काढलेली असते ती सतत अर्धपोटी राहते आणि दुसरी अतिप्रभाराने तापून पाणी गमावते. काही महिन्यांत मालक 'बॅटरी टिकत नाही' म्हणून नवी आणतो आणि तीच तार पुन्हा तिच्यावर जोडली जाते. २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे छोटे उपकरण बसविणे हा यावरील खरा उपाय होय.

तथापि विद्युत शाखेतील सर्वांत दुर्लक्षित दोष तारांच्या सांध्यांत असतो. सेल्फ-मोटार शेकडो अँपिअर प्रवाह घेते. प्रवाह ४०० अँपिअर आणि गंजलेल्या सांध्याचा रोध ओहमचा केवळ एक शतांश असेल, तर त्या ठिकाणी ४ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे १६०० वॅट शक्ती इंजिन फिरविण्याऐवजी सांधा तापविण्यात जाते. साध्या मीटरने थंड अवस्थेत मोजलेला एक शतांश ओहमचा रोध जवळजवळ शून्यच दिसतो. म्हणून रोध मोजू नये. सेल्फ फिरत असताना त्या मार्गावर किती व्होल्ट पडतात ते मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे सेल्फच्या मुख्य टर्मिनलवर ठेवावे. टोक चिमट्यावर न टेकता खुद्द शिशाच्या खांबावर टेकावे. अन्यथा खांब आणि चिमटा यांमधील दोष मोजणीतून सुटतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा स्पष्टपणे अधिक वाचन आले, तर दोष त्याच मार्गात आहे. हीच तपासणी ऋण खांब व इंजिनाचा ब्लॉक यांमध्ये आणि दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेवर करावी. मीटर नसेल, तर दोन-तीन वेळा सेल्फ मारून सांध्यांना बेताने हात लावून पाहावा. दोषी सांधा गरम लागतो.

अर्थिंगची पट्टी येथे विशेष उल्लेखनीय ठरते. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असल्याने चासीशी त्याचा विद्युत-संबंध या पट्टीनेच राखला जातो. बॉडीचे काम, वेल्डिंग किंवा रंगकाम झाल्यावर ती रंगावरच आवळली जाते किंवा लावायची राहून जाते. अशा वेळी प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा इंजिन बंद करण्याच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना यांपैकी एखादी केबल तापत असेल, तर पुढील तपासणीची गरजच उरत नाही.

सेल्फ दोषी आहे की इंजिन जड आहे, हे प्रवाहावरून कळते. मोटार जितकी हळू फिरते, तितका तिचा प्रतिकारी विद्युतदाब कमी होतो आणि ती अधिक प्रवाह ओढते. म्हणून गती कमी व प्रवाह फार अधिक असेल, तर बुश झिजून आर्मेचर घासत आहे किंवा इंजिनच जड झाले आहे, असे समजावे. हिवाळ्यात वापरलेले अतिघट्ट ऑइलही यास कारण होते. गती कमी आणि प्रवाहही कमी असेल, तर मार्गात रोध आहे, कार्बन ब्रश झिजले आहेत किंवा बॅटरीच दुबळी आहे. प्रवाह मापणारे चिमटा-मीटर लहान कार्यशाळांत अभावानेच आढळते, ही खेदाची बाब आहे.

धुराची साक्ष :

इंजिन चांगल्या गतीने फिरूनही पेटत नसेल, तर एका व्यक्तीने सेल्फ मारावा व दुसरीने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल, तर सिलिंडरमध्ये इंधनच पोहोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोहोचते, परंतु पेटण्याइतकी उष्णता नाही किंवा ते अवेळी पोहोचते. या एका निरीक्षणाने इंधनपुरवठा आणि संपीडन यांची फारकत होते, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. हा धूर कच्च्या डिझेलच्या वासाचा असतो. त्याला वास नसेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर ती वाफ असून हेड गॅस्केटकडे संशय जातो.

इंधन शाखा :

धूर न देणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा हवेचा शिरकाव आढळतो. टाकी खाली आणि फीड पंप वर, अशी रचना असल्याने टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असतो. परिणामी या भागातील फटीतून डिझेल गळत नाही, तर हवा आत ओढली जाते. 'कुठेच ओल नाही, म्हणजे गळती नाही' हा समज येथेच फसतो. दिवसा सलग चालणाऱ्या इंजिनाला थोडी हवा जाणवत नाही. रात्रभर उभ्या गाडीत मात्र हवा वर चढते, डिझेल टाकीकडे परतते आणि सकाळी रिकामी नळी भरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो. तडकलेली रबरी नळी, चेपलेला तांब्याचा वॉशर, फीड पंपाची मळलेली झडप ही नेहमीची स्थाने होत.

यासाठीची चाचणी अत्यंत सोपी आहे. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी फीड पंपावरील हातपंप कडक होईपर्यंत दाबावा. त्यानंतर इंजिन तत्काळ सुरू झाले, तर बॅटरी, संपीडन व नोझल जवळजवळ निर्दोष ठरतात आणि शोध नळीवर केंद्रित होतो. पुढे फीड पंपाला टाकीऐवजी वर टांगलेल्या स्वच्छ डब्यातून डिझेल देऊन गाडी रात्रभर ठेवल्यास दोष टाकीकडील बाजूस आहे की पंपाकडील, हे ठरते. फिल्टरआधी पारदर्शक नळीचा तुकडा बसवून बुडबुडे पाहण्याची रीतही उपयुक्त आहे.

एक किरकोळ दिसणारा, पण फसवा दोष इंजिन बंद करण्याच्या केबलचा. केबल गंजून पंपावरील दांडा पूर्णपणे मागे येत नसेल, तर इंधन अर्धवटच मिळते. गाडी सुरू होते, पण उशिरा. आणि चढावर दम तोडते. यावरून पंप 'खोलण्याचा' सल्ला दिला जातो. प्रत्यक्षात तेलाचे चार थेंब पुरतात.

यांत्रिक झीज :

पांढरा धूर देणाऱ्या इंजिनात पंपाचे टायमिंग, नोझल व संपीडन अशा क्रमाने जावे. नोझल उतरवून चाचणी-यंत्रावर फवारा पाहणे तुलनेने स्वस्त आहे. धुक्यासारख्या फवाऱ्याऐवजी धार पडत असेल, तर दोष तेथेच आढळतो. उच्च दाबाचा फवारा त्वचा भेदून शरीरात शिरतो, म्हणून त्याखाली हात धरणे अत्यंत धोक्याचे आहे. संपीडन नोझलच्या छिद्रात दाबमापक बसवून मोजतात. येथे केवळ आकड्यापेक्षा सिलिंडरांतील तफावत अधिक बोलकी असते : सहाही सिलिंडर सारखेच उतरले असतील, तर ती वयोमानाची झीज, एकच उतरला असेल, तर झडप, गॅस्केट किंवा तुटलेली रिंग. मिस्त्री ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, तो ब्रीदरमधून येणारा जोराचा झोत रिंगांची झीज सुचवितो. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजण्याची प्रथा आहे. डिझेल इंजिनात दट्ट्यावरील मोकळी जागा फार थोडी असल्याने ती टाळावी.

प्रचलित उपाय व त्यांचे धोके :

थंडीत हवेच्या नळीच्या तोंडाशी पेटती चिंधी धरणे, ऑइलच्या चेंबरखाली जाळ करणे, हे प्रकार आजही पाहावयास मिळतात. त्यांत वाहनास आग लागण्याचा धोका उघड आहे. ईथरयुक्त फवारा त्याहून फसवा. तो वेळेआधी पेटतो व दट्ट्यावर हातोडा मारल्याप्रमाणे आघात करतो; हवा तापविणारा हीटर बसविलेल्या इंजिनात तर नळीतच स्फोट होऊ शकतो. सवय लागलेल्या इंजिनाची झीज वाढत जाते आणि फवारा अधिकाधिक लागू लागतो. हिमालयातील शीत प्रदेशाचा प्रश्न वेगळा. तेथे डिझेलच गोठते, म्हणून २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल उपलब्ध करण्यात आले. महाराष्ट्रात डिझेल गोठल्याचे कारण पुढे केले जाते, तेव्हा ते ग्राह्य धरण्याचे प्रयोजन नाही.

आणखी एक उपाय म्हणजे माल भरेपर्यंत इंजिन बंदच न करणे. त्यात डिझेल जळते, नोझलवर काजळी साचते आणि धूर हमालांच्या नाकातोंडात जातो.

एक उदाहरण :

निदानाचा क्रम चुकल्यास काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पंधरा वर्षे वयाचा एक ट्रक सकाळी अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ मारल्याविना सुरू होत नाही. मालक नव्या बॅटऱ्या घेतो. आठवडाभर फरक जाणवतो, कारण सेल्फ जोराने फिरून रिकामी नळी लवकर भरतो. मग तक्रार परतते. सतत ताणल्याने सेल्फ तापलेला असतो. त्याचे वाइंडिंग केले जाते. त्यानंतर पंप खोलला जातो. पंप पुन्हा बसविताना व्यवस्थेतील हवा काढली जाते आणि गाडी एका झटक्यात सुरू होते. सर्वांची खात्री पटते की दोष पंपाचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा अडते. टाकीजवळच्या रबरी नळीला पडलेली चीर या सर्व काळात तशीच असते. येथे प्रत्येक दुरुस्तीने काही काळ सुधारणा दिसली, हीच निदानातील मुख्य अडचण ठरली. सुधारणा दिसणे आणि कारण सापडणे या दोन बाबी भिन्न असून, वैद्यकातही हा भेद विद्यार्थ्यांना आरंभीच शिकवावा लागतो.

त्यामुळे तपासणी खर्चाच्या चढत्या क्रमाने व्हावी : आवाज व धूर, हातपंप, सांध्यांवरील व्होल्ट, बॅटरीवरील भार-चाचणी, नोझल, संपीडन, आणि सर्वांत शेवटी पंप. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची परीक्षा पूर्ण थंड इंजिनावर घ्यावी. म्हणजेच दुरुस्तीनंतर गाडी एक रात्र कार्यशाळेतच, सपाट जागी उभी ठेवावी लागते. एका रात्रीचे भाडे बुडते म्हणून मालक त्यास सहसा तयार होत नाही, आणि मिस्त्रीही गरम इंजिन सुरू करून दाखवून मोकळा होतो. गरम इंजिन मात्र या तक्रारीतील बहुतेक दोष लपविते.